मरोळ-भटवाडी, मंगळवार साडेसात

मी फळा. शाळेतला खडूचा नव्हे, पत्र्याचा. तीन फूट रुंद, दोन फूट उंच, रंग हिरवा. माझ्या अंगावर पांढऱ्या रेघा आहेत आणि त्या रेघांच्या चौकोनांत रुपयाएवढी सहासष्ट चुंबकं बसतात. प्रत्येक चुंबकावर दोन फुटबॉल संघांची नावं. उपनगरातल्या बारा क्लबांची साखळी स्पर्धा दर हिवाळ्यात होते. तिचा कुठला सामना कुठल्या रविवारी, कुठल्या मैदानावर, किती वाजता, हे गेली नऊ वर्षं माझ्यावर ठरतंय.

माझा जन्म मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला. तिथे शिवदास मेस्त्रीचं छोटं वर्कशॉप आहे, विजेच्या पॅनेलचे डबे बनवायचं. मी अशाच एका डब्याचं दार व्हायचा होतो. माप बोटभर चुकलं, दार बसेना, आणि मी भिंतीला टेकून धूळ खात राहिलो. शिवदास मूळचा मालवणकडचा. तरुणपणी मरोळ मित्र या क्लबचा गोलकीपर होता, आता त्याच क्लबचा प्रशिक्षक आहे. एके दिवशी त्याने माझ्या कडा घासल्या, हिरवा रंग मारला, रेघा ओढल्या, वरच्या बाजूला धरायला मूठ बसवली आणि मला मरोळच्या मैदानामागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिलं. तिथे वनमाला कोचरेकर राहतात.

वनमालाबाईंनी एकतीस वर्षं बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युटीचे तक्ते लावले. त्यांचे यजमान या स्पर्धेत रेफरी होते. ते गेल्यावरही बाई सवयीने सामन्यांना येत राहिल्या. एका हंगामात त्या वेळच्या सचिवांनी चार संघांना एकाच मैदानावर एकाच वेळी बोलावलं. चाळीसेक खेळाडू बूट घालून एकमेकांकडे बघत उभे होते. बाईंनी तिथेच सामन्याच्या पत्रकामागे पुढचे पाच रविवार नीट लावून दिले. तेव्हापासून हे काम त्यांच्याकडे आहे. आधी त्या कागदावर करायच्या. खोडून खोडून कागदाला भोकं पडतात, हे शिवदासने पाहिलं होतं, म्हणून मी.

यातलं गणित सोपं आहे. एक नाव जागेवर ठेवायचं, उरलेली अकरा गोल फिरवायची. अकरा फेऱ्यांत प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळून होतो. बाई ते अर्ध्या तासात वहीत उतरवतात. पुढचे तीन आठवडे माणसांत जातात. बोरिवलीच्या मैदानावर सकाळी शाळेचे खेळ असतात. मुलुंडच्या मैदानाला लागून कार्यालय आहे, तिथे लग्नाचा मुहूर्त निघाला की वऱ्हाडाच्या गाड्या गोलपोस्टपर्यंत येतात. मरोळला चर्चची संध्याकाळची प्रार्थना सुटायच्या आत मैदान रिकामं लागतं. एक चुंबक हलवलं की त्याच्यापायी आणखी सहा-सात हलतात. मी हे निमूट सोसतो, पत्र्याला दुसरं काय येतं?

आणि मग पोलीस. मैदान महापालिकेचं असलं तरी पोलिसांचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय तिथे चेंडू पडत नाही. दर सप्टेंबरला बाई मला बगलेत मारून मरोळच्या हद्दीतल्या ठाण्यात जातात. कागदी वेळापत्रक साहेब लोक चाळतात आणि बाजूला ठेवतात, मला मात्र टेबलावर आडवं ठेवलं की उभे राहून बघतात. आमच्या सहासष्ट सामन्यांपैकी पासष्टांशी पोलिसांना काही देणंघेणं नसतं. त्यांची नजर एकाच चुंबकावर जाते. मरोळ मित्र विरुद्ध भटवाडी इलेव्हन.

भटवाडी इलेव्हन हा घाटकोपरचा क्लब. चार वर्षांपूर्वी या दोघांचा सामना संपल्यावर बाहेरच्या रस्त्यावर दगडफेक झाली. रिक्षांच्या काचा फुटल्या आणि एका हवालदाराच्या भुवईवर सात टाके पडले. तो हवालदार अजून त्याच ठाण्यात आहे. आम्हाला आत सोडतो तोच. त्याची ती भुवई मधोमध तुटलेली दिसते.

गेल्या हंगामात ठाण्याला नवे वरिष्ठ निरीक्षक आले होते, अनिरुद्ध शेडगे. शांत माणूस. त्यांनी बाईंना विचारलं की हा सामना कधी घेतला तर लोकांना त्याचं कमीत कमी वाटेल. बाई म्हणाल्या, सुरुवातीला, कारण तेव्हा गुणतक्त्याला आकारच आलेला नसतो. दोघांनी मिळून ते चुंबक तिसऱ्या फेरीत बसवलं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकराला. बाई घरी येताना खूश होत्या.

त्या रविवारच्या चार दिवस आधी ठाण्यातून फोन आला. दिल्लीहून कोणी मोठे पाहुणे विमानतळावर उतरणार होते, सगळ्या उपनगरांतली कुमक त्या रस्त्याला लागणार होती. तिन्ही मैदानांची ना-हरकत मागे घेतली गेली. तिसरी फेरी पूर्ण रद्द. बाईंनी सहा चुंबकं काढून माझ्या कडेच्या पट्टीत ठेवली आणि मोकळा रविवार शोधायला बसल्या. डिसेंबर भरलेला होता. जानेवारीत पालिकेची निवडणूक आली आणि ते रविवार बंदोबस्तात गेले. मार्चपासून मरोळचं मैदान माती बदलायला बंद होणार होतं. शेवटी ती सहा चुंबकं फेब्रुवारीच्या अखेरच्या रविवारी जाऊन बसली. जो सामना पोलिसांनी मुद्दाम सुरुवातीला मागून घेतला होता, तो अशा तऱ्हेने हंगामाचा शेवटचा सामना झाला.

तोवर गुणतक्त्याला चांगलाच आकार आला होता. भटवाडी पहिली होती आणि बोरिवलीचा गोराई किनारा हा संघ तिच्या दोन गुण मागे. तळाला मरोळ मित्र दहा गुणांवर आणि मुलुंडचा चेकनाका स्पोर्ट्स नऊवर. दोघांपैकी एक खालच्या गटात जाणार होता. बाईंनीच काही वर्षांपूर्वी नियम लिहून ठेवला होता की शेवटच्या दिवशी ज्या सामन्यांवर वर-खाली ठरतं, ते सगळे एकाच वेळी सुरू व्हायचे. असे सामने तीन होते. मरोळला भटवाडीचा, बोरिवलीला गोराईचा, मुलुंडला चेकनाक्याचा. बाईंनी तिन्ही चुंबकं दुपारी चारच्या चौकोनांत एकाखाली एक लावली.

शेडगे साहेबांनी ती बराच वेळ पाहिली. त्या रविवारी त्यांच्या हद्दीत दोन मिरवणुका होत्या. सोमवारी माणसांना सुट्टी द्यावीच लागणार होती. त्यांनी मरोळ-भटवाडीच्या चुंबकावर बोट ठेवलं आणि ते दोन घरं पलीकडे ओढलं.

"मंगळवारी सकाळी साडेसात. गेट बंद, प्रेक्षक नाहीत," ते म्हणाले. "अठरा माणसं देतो."

बाईंनी समजावलं. रविवारी गोराईचा निकाल लागला की भटवाडीला आपल्याला किती हवंय ते कळणार. चेकनाक्याचा लागला की मरोळला कळणार. मग मंगळवारी रिकाम्या मैदानात दोघांनी मिळून जे ठरवलं, तो निकाल.

"मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतं," शेडगे म्हणाले. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहिलं. "पण त्याच्या बायकोला या ठाण्यातून पुन्हा तसा फोन मी जाऊ देणार नाही."

बाईंनी मला उचललं आणि त्या निघाल्या. वाटेत त्यांनी मला दोनदा दुसऱ्या बगलेत घेतलं, एरवी त्या एकदाही घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी हर्षद टेमकर आला, चेकनाक्याचा सचिव. मुलुंडहून सरळ कामावरून आला होता. त्याच्या कानावर मंगळवारची बातमी गेली होती. तो आरडाओरडा करणाऱ्यांतला नाही. पाणी प्यायला, मग म्हणाला की आमच्याकडचे लोक म्हणतायत, काकू मरोळच्या, मरोळ वाचणारच. मी तसं म्हणत नाही, एवढंही त्याने सांगितलं. बाईंनी त्याला चहा दिला आणि दोन दिवसांत कळवते म्हणाल्या.

त्या रविवारला आठ दिवस उरले असताना, शनिवारी सकाळी शिवदास आला. तो बाईंच्या यजमानांचा दोस्त, घरच्यासारखा. माझ्या मुठीचा एक स्क्रू ढिला झाला होता, तो त्याने खिशातल्या पान्याने पिळून दिला. मग माझ्यासमोर बसून राहिला. त्याच्या संघातल्या चार पोरांना वर्कशॉपांत नोकऱ्या क्लबच्या नावावर लागल्या होत्या. वरच्या गटातला खेळाडू म्हटलं की मालक वेळ देतो, खालच्या गटात गेलं की कोण विचारतो? हे सगळं तो माझ्याकडे बघत सांगत होता, बाईंकडे नाही. उठताना दारात थांबला.

"वयनी, पोलिसांनी ठरवलंय ना? मग तेवढा एक तसाच रवांदे."

बाई त्याला जिन्यापर्यंत सोडून आल्या.

तो गेल्यावर त्या माझ्यापुढे स्टूल ओढून बसल्या. दुपार झाली, गॅसवरचा भात लागला, तरी उठल्या नाहीत. मी नऊ वर्षं त्यांची बोटं ओळखतो. काय हलवायचं ते ठरलं की ती थांबत नाहीत. त्या दिवशी ती कितीतरी वेळ चुंबकांवरून नुसती फिरत राहिली. मग त्यांनी रविवारच्या रकान्यातलं गोराईचं चुंबक उचललं आणि मंगळवारी ठेवलं. त्याच्याखाली चेकनाक्याचं ठेवलं. साडेसात, साडेसात, साडेसात. पोलीस एक सामना मागे आणू देत नव्हते, तर बाईंनी दोन पुढे नेले.

पण चुंबक सरकवणं आणि माणसं सरकवणं यात फरक आहे. गोराईशी सांताक्रूझचा संघ खेळणार होता आणि चेकनाक्याशी चेंबूरचा. या दोघांचं वर-खाली काही व्हायचं नव्हतं. त्यांनी कामाच्या दिवशी पहाटे उठून दुसऱ्यांसाठी का यायचं? बाई त्यांच्याकडे स्वतः गेल्या, मला घेऊन. चेंबूरचा कर्णधार शिक्षक होता आणि त्या दिवशी शाळेत त्याची परीक्षेवर नेमणूक होती. त्याने माझ्यावरचे तीन चौकोन बघितले आणि म्हणाला, मी नसेन, पण अकरा जण पाठवतो, बारावा मिळणार नाही. सांताक्रूझवाल्यांनी कुरकुर करत होकार दिला. बोरिवली आणि मुलुंडच्या ठाण्यांनी काही हरकत घेतली नाही. त्यांच्याकडे कधी दगड पडला नव्हता.

अडचण आली ती नेमकी हर्षदकडून. मंगळवार कळल्यावर तो पुन्हा आला आणि या वेळी बसलाच नाही. चेकनाक्याचा गोलकीपर किरण भिवंडीच्या एका गोदामात रात्रपाळीला होता. पाळी आठला सुटायची. रविवारी तो मोकळा होता, मंगळवारी साडेसातला मुलुंडला पोचणं शक्य नव्हतं. दुसरा गोलकीपर हात मोडून घरी बसलेला.

बाईंनी त्याला माझ्यासमोर उभं केलं.

"रविवार हवा असेल तर आत्ता सांग. लेखी दे, मी तुमचा सामना रविवारी ठेवते. नियम तुमच्यासाठी आहे, तुम्हीच सोडलात तर माझी हरकत नाही."

"आणि मग मरोळ मंगळवारी आमचा निकाल बघून खेळणार."

"हो."

हर्षदने माझ्यावरचे तिन्ही साडेसात पुन्हा एकदा वाचले. "मंगळवार," तो म्हणाला आणि चपला घालायला वळला.

मंगळवारी मी मरोळच्या मैदानावर होतो, पंचांच्या टेबलाला टेकून. गेटला कुलूप. अठरा पोलीस रेषेबाहेर अंतरा-अंतरावर उभे. आत प्रेक्षक नव्हता, पण भोवतालच्या गच्च्यांवर आणि वसाहतीतल्या पत्र्यांवर माणसं दात घासत उभी होती. सुरुवातीला पोलीस नियमाप्रमाणे मैदानाकडे पाठ करून होते. दहा मिनिटांत निम्मे वळले. भुवईवाला हवालदार मात्र पूर्ण वेळ रस्त्याकडेच बघत राहिला.

खेळ स्वच्छ झाला. दुसरीकडचा शेवटचा निकाल कोणालाच माहीत नव्हता, त्यामुळे दुसरा काही उपायही नव्हता. मध्यंतरापर्यंत गोल नाही. बोरिवलीला गोराई पुढे आहे अशी आरोळी एका गच्चीवरून आली, तेव्हापासून भटवाडीने अंग झाडून खेळायला घेतलं. शिवदास रेषेवर फेऱ्या मारत होता. शेवटची बारा मिनिटं उरली असताना कॉर्नरवरून आलेला चेंडू भटवाडीच्या एका ठेंगण्या पोराने डोक्याने आत घातला. त्यानंतर मरोळने दोनदा पोस्टला मारलं. एक-शून्य.

मुलुंडचं मी नंतर ऐकलं. चेकनाक्याने किरणचं नाव राखीव खेळाडूंत लिहिलं होतं आणि एका फॉरवर्डला हातमोजे घालून गोलमध्ये उभं केलं होतं. पहिल्या अर्ध्या भागात त्याने एक गोल खाल्ला. गोदामातल्या जोडीदाराने किरणला अर्धा तास आधी सोडलं, तो मध्यंतर संपता संपता कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पोचला. त्याने एकच चेंडू अडवला, पण नेमका तोच अडवणं गरजेचं होतं. शेवटाकडे चेकनाक्याने बरोबरी केली. दोन्ही संघांचे दहा-दहा गुण झाले आणि गोलफरकात मरोळ दोनने मागे पडलं.

टेबलावरचा फोन ठेवून बाईंनी पत्रकावर निकाल लिहिला. अक्षर नेहमीसारखंच. शेडगे साहेब शेजारी येऊन उभे राहिले. मरोळची पोरं गवतावर बसली होती, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं, मग बाईंना विचारलं, "मॅडम, तुम्ही राहायला कुठं?"

"इथेच. या मैदानाच्या मागे."

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. एका शिपायाला म्हणाले, बाईंना घरापर्यंत सोडून ये. बाई म्हणाल्या, नको, रोजचा रस्ता आहे.

रोजचा रस्ता तो राहिला नाही. दगड कोणी मारला नाही, शिवीही कोणी दिली नाही. फक्त बाई जिन्यात आल्या की बोलणं थांबायचं. खालचा दूधवाला पिशवी दारात टांगून जायला लागला, पूर्वी बेल वाजवून मॅचबद्दल दोन शब्द बोलायचा. होळीला इमारतीतल्या सगळ्या बायका नारळ घेऊन खाली गेल्या, बाईंना हाक मारायला कोणी वर आलं नाही. त्या खिडकीतून बघत होत्या. मी भिंतीवर होतो, मला त्यांची पाठ दिसत होती. शिवदास तीन महिने फिरकला नाही. त्याच्या चार पोरांपैकी दोघांची नोकरी खरंच सुटली, हे बाईंना दुसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी त्यांनी माझ्यावरची चुंबकं एकेक करून काढली आणि डब्यात भरली.

जूनमध्ये अंधेरीच्या एका शाळेच्या वर्गात वार्षिक सभा झाली. चुंबकांचा डबा आणि मी दोघेही बरोबर होतो, कारण बाई काम सोडणार होत्या आणि आम्हाला नव्या माणसाच्या हवाली करायचं होतं. त्यांनी पत्र वाचून दाखवलं, चारच ओळी. हर्षदने उठून सांगितलं की बाईंनीच करावं. पण तो चेकनाक्याचा, वाचलेल्या क्लबचा. त्याच्या बोलण्याला कोणी दुजोरा देईना. सगळे मरोळच्या बाकाकडे बघत होते.

शिवदास उठला. त्याला भाषण येत नाही. त्याने समोरच्या बाकावर दोन्ही हात टेकले.

"मी वयनीकडे गेलो होतो. तारीख तशीच ठेवा म्हणून सांगायला," तो म्हणाला. "त्यांनी ठेवली नाही. आम्ही मैदानात हरलो, तक्त्यात नाही. वेळापत्रक त्यांनीच करायचं. माझा पाठिंबा लिहून घ्या."

बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. सभा पुढच्या विषयाला गेली.

आता पुन्हा सप्टेंबर आहे. माझ्या खालच्या कडेला गंज चढलाय, उजव्या कोपऱ्यातला रंग पोपडे धरून सुटतोय. यंदा खालच्या गटाचे सामनेही माझ्यावरच लागलेत, त्यामुळे चौकोन दाटीवाटीचे झालेत. मरोळ मित्र आता डाव्या बाजूला, सकाळी सातच्या ओळीत असतात, तिथे बंदोबस्त लागत नाही. क्लबांना वेळापत्रक मोबाइलवर जातं. नव्या पोरांपैकी कितीतरी जणांना मी आहे हेही माहीत नाही, आणि माहीत असावं असा माझा आग्रह नाही.

एवढंच सांगायचं होतं. तुमच्या मोबाइलवर कधी निरोप येईल की सामना पुढे गेला, वेळ बदलली, गेट बंद राहील. खुशाल चिडा. पण ती तारीख यंत्रातून पडली असं समजू नका. कोणीतरी ती बोटाने उचलून तिथे ठेवलेली असते, आणि बहुतेक वेळा त्या माणसाला त्याच गल्लीत राहायचं असतं.

शेडगे साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी कच्चं वेळापत्रक मागवून घेतलं होतं, त्याचं उत्तर आज आलं. पाच सामन्यांपुढे लाल पेनाने खुणा आहेत. बाईंनी पाचही चुंबकं काढून कडेला ठेवली आहेत आणि त्यांच्या मोकळ्या जागांकडे बघत बसल्या आहेत. उद्या अकरा वाजता आम्हाला ठाण्यात बोलावलंय.